दहा दिवसांसाठी अख्खा साठा दहा वेळा

प्रश्न : पॉवर बीआयमधल्या (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं साधन) विक्रीच्या रिपोर्टला ऑर्डरी एका एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या प्रणालीने डेटा मागायला दिलेल्या वेब-पत्त्यावरून येतात. ३ वर्षांचा डेटा ठेवायचा आणि शेवटचे १० दिवस ताजे करायचे, असा इन्क्रिमेंटल रिफ्रेश (सगळा नव्हे, फक्त अलीकडचा डेटा नव्याने आणणं) लावला. रिफ्रेश उलट लांबला, शिवाय काही ऑर्डरी दोनदा मोजल्या जातात. कुठे चुकतंय?

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. आधी वेळेचं बघू. सर्व्हिसवर (पॉवर बीआयचा ऑनलाइन भाग) रोज दहाएक पार्टिशन, म्हणजे तारखेनुसार पाडलेले डेटाचे कप्पे, नव्याने भरली जातात आणि प्रत्येकासाठी क्वेरी स्वतंत्र चालते. डेटाबेस असता तर तारखेची अट फोल्ड होऊन (डेटाबेसच्याच क्वेरीत जाऊन) तिकडेच लागली असती. साध्या वेब एपीआयच्या बाबतीत ते आपोआप होत नाही. सगळ्या ऑर्डरी आणून मग तारखेने गाळत असाल, तर अख्खा साठा दहा वेळा उतरतो. डेस्कटॉपवर (आपल्या संगणकावरच्या पॉवर बीआयमध्ये) एकदा १ दिवसाची आणि एकदा ३० दिवसांची मुदत देऊन रिफ्रेश करा. दोन्हींना सारखाच वेळ लागला, तर तारीख एपीआयपर्यंत पोचतच नाही असं समजा.

उपाय असा : मुदतीची सुरुवात आणि शेवट सांगणारी रेंजस्टार्ट (RangeStart) आणि रेंजएंड (RangeEnd) ही पॅरामीटर्स (प्रकार डेट-टाइम, नावात मधे जागा नाही, कॅपिटल अक्षरं जिथल्या तिथे) टेक्स्टमध्ये बदलून वेब.कंटेंट्स या, वेबवरून डेटा आणणाऱ्या फंक्शनच्या ‘क्वेरी’ पर्यायातून पाठवा. मूळ पत्ता मात्र कोरडा, न बदलणारा ठेवा आणि पुढचा मार्ग ‘रिलेटिव्हपाथ’मध्ये द्या. तारखा पत्त्यालाच जोडल्या की डेस्कटॉपवर सगळं चालतं आणि सर्व्हिस ‘डायनॅमिक डेटा सोर्स’ म्हणून रिफ्रेश नाकारते. फोल्डिंगची खात्री करता येत नाही, असा इशारा यानंतरही दिसेल. तो इथे सोडून द्या.

आता दुहेरी ऑर्डरी. बऱ्याच एपीआयमध्ये शेवटची तारीखही धरली जाते, म्हणून सीमेवरची ऑर्डर दोन्ही पार्टिशनमध्ये येते. आणल्यावर पुन्हा एक गाळणी लावा : रेंजस्टार्टला ‘मोठं किंवा समान’, रेंजएंडला फक्त ‘लहान’.

खरा संशय मात्र दुसरीकडे आहे. एपीआयला कोणती तारीख देताय? ‘शेवटचा बदल’ दिली असेल, तर मार्चमधली ऑर्डर आज रद्द झाल्यावर आजच्या पार्टिशनमध्ये येते, पण मार्चच्या बंद पार्टिशनमधली जुनी ओळ कुणी काढत नाही. पार्टिशन कधीही न बदलणाऱ्या तारखेवरच हवं, म्हणजे ऑर्डर नोंदवल्याच्या. मग १० दिवसही पुरणार नाहीत. परतावे ४५ दिवस चालत असतील, तर खिडकी किमान ४५ दिवसांची ठेवा.

जाता जाता वेळ-क्षेत्रही तपासा. सर्व्हिसचं ‘लोकल’ म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). वेळ बदलायला ‘टूलोकल’ हे फंक्शन वापरलं असेल, तर पहाटे साडेपाचच्या आधीच्या ऑर्डरी आदल्या दिवसात जातात. त्याऐवजी ‘स्विचझोन’ला ५ आणि ३० द्या.

प्रश्न : एक मेजर (रिपोर्टमधल्या हिशेबाचं सूत्र) दुरुस्त करून फाइल पुन्हा पब्लिश केली, तर जुना डेटा गेला. असं का?

उत्तर : डेस्कटॉपच्या फाइलमध्ये पॅरामीटरच्या मुदतीपुरताच डेटा असतो. पब्लिश केल्यावर सर्व्हिसवरची पार्टिशन पुसली जातात आणि पुढच्या रिफ्रेशला सगळा इतिहास नव्याने भरावा लागतो. प्रो लायसन्सवर त्याला २ तासांची मर्यादा आहे. प्रीमियम असेल, तर एएलएम टूलकिट या वेगळ्या साधनाने फक्त मेजरचा बदल चढवा, पार्टिशनला धक्का लागत नाही.