वाचकांचे प्रश्न : मस्कीसाठी मोठी फ्लाय कशी फेकावी?

प्रश्न : काही वर्षे ट्राउट माशांसाठी फ्लाय फिशिंग (केस-पिसांच्या बनावट आमिषाने, म्हणजे ‘फ्लाय’ने, मासेमारी) केल्यानंतर गेल्या हंगामापासून मी मस्की या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या शिकारी माशाच्या मागे लागलो आहे. माझ्याकडे ८ नंबरचा रॉड आणि सशाच्या कातड्याच्या पट्ट्यांची दहा इंची फ्लाय आहे. ती चाळीस फुटांपलीकडे जात नाही, वाऱ्यात दोनदा पाठीवर आदळली, आणि दुपारपर्यंत खांदा भरून येतो. माझा जोर कमी पडतो का? — एक वाचक, मिनियापोलिस

उत्तर : जोर कमी पडत नसावा, उलट तुम्ही तो गरजेपेक्षा जास्त लावत असाल. फ्लाय फिशिंगमध्ये आपण खरे तर लाईन, म्हणजे वजनदार दोरी, फेकतो आणि फ्लाय तिच्यामागे ओढली जाते. ट्राउटची फ्लाय इतकी हलकी असते की ही गोष्ट विसरली तरी निभावते, पण दहा इंची फ्लायला हवेचा मोठा अडथळा होतो आणि तिला ओढून नेण्याइतके वजन लाईनीत नसेल तर ती वाटेतच कोसळते. प्रमाणित मापानुसार ८ नंबरच्या लाईनीचे पहिले ३० फूट २१० ग्रेन, म्हणजे साधारण साडेतेरा ग्रॅम भरतात, तर १० नंबरच्या लाईनीचे २८० ग्रेन, म्हणजे सुमारे अठरा ग्रॅम. मस्कीसाठीच्या लाईनींमध्ये पुढच्या आखूड भागात याहूनही जास्त वजन एकवटलेले असते. तेव्हा आधी १० किंवा ११ नंबरचा रॉड आणि त्याला साजेशी लाईन घ्यावी. लीडरही, म्हणजे लाईन आणि फ्लाय यांना जोडणारा दोराही, ट्राउटसारखा नऊ फुटी, निमुळता नको. चार-पाच फुटांचा जाड लीडर आणि पुढे मस्कीच्या दातांसाठी फूटभर तार पुरेशी होते.

आता फ्लायकडे पाहू. सशाची पट्टी पाण्यात फार सुंदर हलते, पण ती पाणी पिते. तुमची फ्लाय स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आधी कोरडी ठेवून पाहा, मग दहा मिनिटे भिजवून, एकदा झटकून पुन्हा ठेवा. खांदा का दुखतो ते त्या दोन आकड्यांवरूनच कळेल. बकटेल, म्हणजे हरणाच्या शेपटीचे लांब केस, पाणी धरून ठेवत नाहीत. त्यांची टोके गळाच्या नेढ्यापुढे ठेवून ते बांधले आणि मग मागे वळवले की आत पोकळी राहते, थोड्या केसांत फ्लाय मोठी दिसते आणि पाण्याबाहेर येताच बरेचसे पाणी सोडून देते. माझे स्पष्ट मत आहे की दिवसभर फेकायची फ्लाय अशीच असावी.

फेकण्याच्या पद्धतीत सर्वात आधी हवेतल्या पुढे-मागे फेऱ्या बंद कराव्यात. फ्लाय बोटीकडे ओढून झाल्यावर बुडालेली लाईन एका रोल कास्टने (लाईन मागे हवेत न उडवता पुढे उलगडत टाकण्याच्या फेकीने) पृष्ठभागावर आणावी, ती पाण्याला टेकताच पाण्याच्या पकडीविरुद्ध रॉड वाकवत, डाव्या हाताने लाईन खेचत मागे न्यावी आणि पुढच्या एकाच फेकीत सोडून द्यावी. मागे नेताना रॉड कडेने, जवळपास आडवा, आणि पुढे आणताना डोक्यावरून, असा लंबगोल मार्ग ठेवावा. याला बेल्जियन कास्ट म्हणतात. ट्राउटच्या फेकीत आपण मागे क्षणभर थांबतो. इथे तसे थांबल्यास लाईन सैल पडते आणि जड फ्लाय खाली येऊन पाठीवर आदळते. लंबगोल मार्गात लाईनीवरचा ताण कुठेही तुटत नाही. तुम्ही उजव्या हाताने फेकत असाल आणि वारा उजवीकडून येत असेल, तर बोट फिरवून घ्यावी. चष्मा न लावता मोठा गळ कधीही फेकू नये, आणि गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा.

अंतराची चिंता मात्र सोडावी. मस्की पुष्कळदा फ्लायच्या मागे थेट बोटीपर्यंत येते, म्हणून पन्नास फुटांची व्यवस्थित फेक पुरते. लीडर रॉडच्या टोकाजवळ आला की टोक पाण्यात बुडवून फ्लाय रुंद आठच्या आकड्यात फिरवावी आणि वळणावर ती किंचित वेगाने न्यावी. मस्कीने फ्लाय तोंडात धरल्यावर ट्राउटच्या सवयीने रॉड वर उचलला तर कडक जबड्यात गळ रुतत नाही. रॉड माशाकडे रोखून लाईन हाताने जोरात मागे खेचावी.