ड्राफ्टसाठी वय किती? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, कोणत्या वयात प्रवेश मिळतो, याविषयी येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. पालक फक्त जन्मतारीख मोजतात आणि निश्चिंत होतात. अटी दोन आहेत. ज्या कॅलेंडर वर्षात ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक प्रक्रिया, होतो, त्या वर्षात खेळाडूला १९ वर्षे पूर्ण होणे आवश्यक असते. आणि तो लीग व खेळाडू संघटना यांच्यातील सामूहिक करारातील ‘आंतरराष्ट्रीय खेळाडू’ या व्याख्येत बसत नसेल, तर त्याने हायस्कूल पूर्ण केल्यानंतर एनबीएचा किमान एक हंगाम उलटून गेलेला असावा लागतो. पुढील उत्तरे वाचताना या दोन्ही अटी एकत्र लक्षात ठेवाव्यात.

प्रश्न : ड्राफ्ट जूनमध्ये असतो आणि माझ्या मुलाचा एकोणिसावा वाढदिवस डिसेंबरमध्ये येतो. त्याला एक वर्ष थांबावे लागेल का?

वयासाठी थांबावे लागणार नाही. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला कूपर फ्लॅग २१ डिसेंबर २००६ चा आहे. निवडीच्या दिवशी तो १८ वर्षांचाच होता.

प्रश्न : मुलगा शाळेत एक वर्ष मागे राहिल्यामुळे बारावी संपतानाच १९ वर्षांचा होईल. मग तो थेट ड्राफ्टला उभा राहू शकेल ना? आणि त्याने शाळा मध्येच सोडली तर वर्ष वाचेल का?

दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. वयाची अट पूर्ण झाली तरी हायस्कूलनंतरच्या एका हंगामाची अट शिल्लक राहते. शाळा सोडूनही काही साधत नाही, कारण ज्या वर्गाबरोबर तो उत्तीर्ण झाला असता त्या वर्गाच्या वर्षापासूनच हंगाम मोजला जातो, असे करारात स्पष्ट लिहिलेले आहे. त्यामुळे शिक्षण मात्र हातचे जाते.

याच ठिकाणी काही अकादम्या ‘कॉलेजशिवाय थेट एनबीए’ अशी जाहिरात करतात आणि हायस्कूलनंतरचे एक जादा वर्ष, म्हणजे पोस्टग्रॅज्युएट वर्ष, मोठे शुल्क घेऊन विकतात. हा मार्ग खोटा नाही. २०१६ मध्ये थॉन मेकर असे वर्ष पूर्ण करून दहाव्या क्रमांकावर आणि २०१८ मध्ये अँफर्नी सायमन्स चोविसाव्या क्रमांकावर निवडला गेला. परंतु मेकरच्या बाबतीत त्याने हायस्कूल नक्की कधी पूर्ण केले हे एनबीएने तपासले आणि मगच त्याला पात्र ठरवले, हे जाहिरातीत कोणी छापत नाही. पदवीदान कोणत्या तारखेला नोंदले गेले, जादा वर्षात मुलगा शाळेच्या कागदावर नेमका कोणत्या वर्गात आहे आणि ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणनोंदीवर, काय लिहून येणार आहे, हे शुल्क भरण्यापूर्वी लेखी घ्यावे आणि ते कागद क्रीडा कायद्याच्या जाणकार वकिलाला दाखवावेत.

प्रश्न : निदान एक वर्ष तरी कॉलेजमध्ये खेळणे सक्तीचे आहे, असे आमचे प्रशिक्षक सांगतात. हे खरे आहे का?

नाही, हंगाम उलटला पाहिजे, तो कॉलेजमध्येच घालवला पाहिजे असे नाही. ब्रँडन जेनिंग्ज २००८ मध्ये हायस्कूलनंतर इटलीत रोमच्या संघाकडून खेळला आणि २००९ मध्ये दहाव्या क्रमांकावर निवडला गेला. लामेलो बॉल ऑस्ट्रेलियाच्या लीगमधून २०२० मध्ये तिसऱ्या क्रमांकावर आला. मात्र व्यावसायिक संघाशी करार केल्यानंतर कॉलेजचे दार उघडे राहील की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. २०२५ मध्ये जी लीगच्या, म्हणजे एनबीएच्या विकास लीगच्या, काही माजी खेळाडूंना कॉलेज संघांनी घेतले, एवढ्यावरून कोणी गृहीत धरून चालू नये. संबंधित विद्यापीठाच्या कंप्लायन्स ऑफिसकडून, म्हणजे क्रीडानियमांचे पालन पाहणाऱ्या विभागाकडून, लेखी उत्तर मागवावे.

प्रश्न : कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्स शाळेतून थेट आले. मग आजच्या मुलांवरच हा अन्याय का?

अन्याय की सोय, यावर मतभेद होऊ शकतात. पण इतिहास नीट माहीत असावा. एके काळी हायस्कूलनंतर चार वर्षे उलटल्याशिवाय एनबीएमध्ये खेळताच येत नसे. स्पेन्सर हेवुडने ही अट न्यायालयात नेली आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डग्लस यांनी त्याला खेळू देणारा आदेश पुन्हा लागू केला. त्यानंतर आर्थिक अडचण दाखवणाऱ्या खेळाडूंसाठी सवलत आली, आणि १९७६ पासून अडचण सिद्ध न करताही मुदतीपूर्वी ड्राफ्टला उतरणे शक्य झाले. १९७५ मध्ये डॅरिल डॉकिन्स आणि बिल विलबी शाळेतून थेट आले. त्यानंतर थेट १९९५ मध्ये केव्हिन गार्नेट आला आणि दहा वर्षे हा ओघ चालू राहिला. २००५ च्या सामूहिक करारात लीग आणि खेळाडू संघटना यांनी मिळून आजची अट घातली व ती २००६ च्या ड्राफ्टपासून लागू झाली. २००५ मध्ये शेवटच्या तुकडीतून आलेला अँड्र्यू बायनम १८ वर्षे ६ दिवसांचा असताना पहिला सामना खेळला. तो विक्रम आजच्या नियमात मोडता येणे जवळजवळ अशक्य आहे.

पत्रलेखकांना कोबी आणि लेब्रॉन आठवतात, हे स्वाभाविक आहे. पण १९९८ मध्ये शाळेतूनच आलेला कोर्लिऑन यंग चाळिसाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि एनबीएत एकूण ३ सामने खेळला. मुलासमोर दोन्ही नावे ठेवावीत, एवढी माझी विनंती आहे.

प्रश्न : पुढच्या वर्षी वय १८ होणार असे सगळीकडे ऐकू येते. त्या हिशेबाने मुलाचे वर्ष ठरवावे का?

ठरवू नये. हे मी अनेक वर्षे ऐकत आहे. २०१८ मध्ये काँडोलिझा राइस यांच्या अध्यक्षतेखालील कॉलेज बास्केटबॉल आयोगाने ही अट रद्द करण्याची शिफारस केली, तेव्हाही ‘पुढच्याच वर्षी’ असे सांगितले जात होते. २०२३ मध्ये नवा सामूहिक करार झाला आणि अट जशीच्या तशी राहिली. त्या कराराची मुदत २०२९-३० च्या हंगामापर्यंत आहे. दोन्ही पक्षांच्या संमतीने मधेच बदल होऊ शकतो. परंतु तो झाला तर तो लिखित स्वरूपात जाहीर होईल, स्पर्धेच्या मैदानाबाहेर उभ्या असलेल्या कोणा ओळखीच्या माणसाच्या तोंडून नव्हे. अशा ऐकीव माहितीवर भरवसा ठेवून कॉलेजच्या अर्जाची तारीख हुकवणारी कुटुंबे पाहिली की मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : मग हेवुडप्रमाणे आजही न्यायालयात जाता येईल का?

जाता येईल, पण हेवुडच्या निकालावर विसंबून नाही. त्याच्या वेळची अट लीगने एकतर्फी लादलेली होती. आजची अट खेळाडू संघटनेशी वाटाघाट करून ठरलेली आहे आणि अशा अटींना स्पर्धाविरोधी कायद्यातून मोठे संरक्षण मिळते. अमेरिकन फुटबॉलमधील तशाच अटीला आव्हान देणारा मॉरिस क्लॅरेट २००४ मध्ये अपिलात हरला तो याच कारणाने. खर्चाचा विचार करण्यापूर्वी कामगार कायद्याच्या वकिलाचे मत घ्यावे.

प्रश्न : माझा भाचा स्पेनमधील क्लबमध्ये सोळाव्या वर्षी व्यावसायिक झाला आहे. त्याला एनबीएची अट लागू होते का? त्याला शेवटच्या वर्षासाठी अमेरिकन शाळेत पाठवले तर लवकर जमेल, असे एक मध्यस्थ म्हणतो.

वयाची अट त्यालाही लागू होते. लुका डॉन्चिच रेआल माद्रिदकडून १६ व्या वर्षी खेळू लागला, तरी एनबीएत तो २०१८ मध्ये, १९ वर्षांचा झाल्यावरच आला. रिकी रुबिओ तर १४ व्या वर्षी स्पॅनिश लीगमध्ये उतरला होता. त्याची निवड २००९ मध्ये झाली. युरोपात व्यावसायिक होणे आणि एनबीएसाठी पात्र होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

मध्यस्थाचा सल्ला मात्र नेमका उलटा आहे. ‘आंतरराष्ट्रीय खेळाडू’ ही पदवी पासपोर्टवरून मिळत नाही. ड्राफ्टपूर्वीची किमान तीन वर्षे त्याचे कायमचे वास्तव्य अमेरिकेबाहेर असावे आणि तो तेथेच खेळत असावा, त्याने अमेरिकन कॉलेजात कधीही नाव नोंदवलेले नसावे आणि हायस्कूल अमेरिकेत पूर्ण केलेले नसावे, असे तीनही निकष एकाच वेळी लागतात. अमेरिकेत बारावी केली की भाचा या व्याख्येबाहेर पडेल आणि हायस्कूलनंतरच्या हंगामाची दुसरी अटही त्याच्या माथी येईल. शिवाय १८ वर्षांखालील खेळाडूचे एका देशातून दुसऱ्या देशात हस्तांतर फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार केवळ विशेष परिस्थितीतच मान्य होते. असा सल्ला देणाऱ्याने हे नियम वाचलेले नाहीत किंवा वाचून लपवले आहेत. क्लबच्या करारासह सर्व कागद वकिलाला दाखवल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा आहे. एका एजंटने ‘फक्त जाहिरातींपुरता’ करार पुढे केला आहे आणि आठवड्यात सही मागतो आहे. सही करायला काय हरकत आहे?

वयाच्या अटीमुळे निर्माण झालेली ही प्रतीक्षेची एक-दोन वर्षेच मला सर्वाधिक चिंतेची वाटतात, म्हणून या उत्तराला थोडी जागा देतो. मुलगा गुणी आहे हे सर्वांना दिसत असते, पण त्याला एनबीएचे पैसे अजून मिळू शकत नसतात. नेमक्या याच काळात त्याच्या भविष्यातील मिळकतीवर आज हक्क मिळवू पाहणारी माणसे घरी येतात. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपले नाव आणि छबी वापरू देण्याचा मोबदला घेता येतो, ही चांगली गोष्ट झाली. परंतु त्यामुळे जाहिरातींचा एजंट आणि खेळाच्या कराराचा एजंट यांतील रेषा पालकांच्या नजरेत पुसट झाली आहे. एनबीए संघाशी वाटाघाट करायची तर एजंटकडे खेळाडू संघटनेचे प्रमाणपत्र असावे लागते आणि त्याचे मानधन कमाल ४ टक्क्यांपर्यंत मर्यादित असते. जाहिरातींच्या करारावर ही मर्यादा नाही. म्हणून ‘फक्त जाहिरातींपुरता’ हे शब्द ऐकून निर्धास्त होण्याऐवजी अधिक सावध व्हावे.

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत विद्यार्थी-खेळाडूंच्या एजंटांसाठी कायदा आहे. त्याच्या आदर्श मसुद्यानुसार एजंटने राज्यात नोंदणी केलेली असावी लागते. सहीमुळे कॉलेजची पात्रता जाऊ शकते, असा ठळक इशारा करारात सहीजवळ असावा लागतो. सही झाल्यावर ७२ तासांच्या आत शैक्षणिक संस्थेच्या क्रीडा विभागाला कळवावे लागते. आणि खेळाडूला १४ दिवसांच्या आत करार रद्द करता येतो. राज्याराज्यांत तपशील बदलतो, म्हणून आपल्या राज्याचा कायदा स्वतंत्रपणे तपासावा. झायन विल्यमसनने २०१९ मध्ये असाच पाच वर्षांचा जाहिरात करार केला होता. एजंटची नॉर्थ कॅरोलायनात नोंदणी नव्हती आणि करारात तो इशाराही नव्हता, म्हणून न्यायालयाने २०२१ मध्ये करार रद्दबातल ठरवला. पण अपिलाचा निकाल येईपर्यंत २०२४ उजाडले आणि मधल्या काळात त्याच्यावर १० कोटी डॉलरचा दावा लटकत राहिला. तो पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता, त्याला चांगले वकील परवडले. अमेरिकन फुटबॉलमधील एका कॉलेज खेळाडूने २०२२ मध्ये सुमारे ४ लाख ३६ हजार डॉलर घेऊन पुढील २५ वर्षांच्या व्यावसायिक मिळकतीतील १५ टक्के हिस्सा लिहून दिला आणि त्यालाही न्यायालयाची पायरी चढावी लागली.

तेव्हा करारातील चार गोष्टी शोधाव्यात : मुदत किती, टक्केवारी कशावर, भावी एनबीए मिळकतीचा कोठे उल्लेख आहे का, आणि बाहेर पडण्याची वाट कोणती. आज घेतलेली रक्कम मदत आहे, आगाऊ मोबदला आहे की कर्ज, हेही शब्दशः विचारावे. अल्पवयीन मुलाच्या वतीने पालक सही करतात, तेव्हा ती कितपत बांधते हा आणखी गुंतागुंतीचा विषय आहे. एजंटने सुचवलेला वकील नव्हे, तर तुम्ही स्वतः निवडलेला वकील हा कागद वाचेपर्यंत सही करू नये. आठवड्याची घाई एजंटची आहे. मुलाला ड्राफ्टपर्यंत तसाही वेळ आहे.

प्रश्न : नाव देऊन नंतर मागे घेता येते ना? मग नाव द्यायला काय जाते?

मागे घेता येते, पण तारखा दोन असतात. मुदतपूर्व प्रवेशाचे, म्हणजे कॉलेजची पात्रता शिल्लक असतानाच ड्राफ्टला उतरण्याचे, नाव ड्राफ्टच्या ६० दिवस आधी द्यावे लागते. एनबीएच्या दृष्टीने ते ड्राफ्टच्या १० दिवस आधीपर्यंत मागे घेता येते. कॉलेजची पात्रता टिकवण्यासाठी एनसीएएची, म्हणजे कॉलेज क्रीडा नियंत्रित करणाऱ्या संघटनेची, तारीख मात्र त्याच्याही आधी येते, आणि चुकते ती हीच. नाव ठेवायचे की काढायचे हे ठरवताना एनबीएच्या सल्लागार समितीचे मूल्यमापन मागवावे. पहिल्या फेरीतील निवडीला साधारणपणे पहिल्या दोन वर्षांच्या वेतनाची हमी मिळते. दुसऱ्या फेरीला तशी ठरलेली हमी नाही. त्या वर्षाच्या तारखा कंप्लायन्स ऑफिसकडून लेखी घ्याव्यात.

प्रश्न : जी लीगला १८ वर्षे चालतात. तेथून एनबीए संघ थेट बोलावू शकतो का?

ड्राफ्टसाठी पात्र होईपर्यंत नाही. अशा तरुणांसाठी २०२० मध्ये सुरू झालेला इग्नाइट संघही २०२४ मध्ये बंद झाला, हे जुनी माहितीपत्रके वाचणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न : मुलींसाठी हेच वय आहे का?

नाही. डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे महिलांच्या लीगच्या, २०२० च्या करारानुसार अमेरिकन खेळाडूला ड्राफ्टच्या वर्षी २२ वर्षे पूर्ण व्हावी लागत किंवा कॉलेजचे शिक्षण अथवा पात्रता संपलेली असावी लागे. बाहेरच्या देशांतील खेळाडूंसाठी ही मर्यादा २० होती. मुलगी ज्या वर्षी उतरणार असेल, त्या वर्षी लागू असलेला करारच पाहावा.

प्रश्न : मुलाच्या जन्मदाखल्यावर एक तारीख आहे आणि शाळेच्या नोंदीत दुसरी. नाव देण्याची मुदत चार दिवसांवर आली आहे. आधी अर्ज करून तारीख नंतर दुरुस्त केली तर चालेल का?

चालणार नाही. दोन तारखा असलेले कागद सादर केले तर चूक प्रामाणिक असली तरी ती लपवाछपवी वाटते आणि तो संशय मुलाच्या नावाला चिकटतो. ही दुरुस्ती दोन वर्षांपूर्वी व्हायला हवी होती. आता मूळ जन्मनोंदीची प्रमाणित प्रत, शाळेचा ट्रान्सक्रिप्ट आणि पासपोर्ट घेऊन आजच वकिलाकडे जावे आणि तफावत स्वतःहून लेखी कळवावी. या चार दिवसांत ते जमले नाही, तर या वर्षी नाव देऊ नये.