नाशिकच्या रो-हाउसचं तयार तळघर दीड लाखात होम थिएटर होईल का?

होईल, आणि चांगलं होईल. पण तुमचा पहिला प्रश्न ‘प्रोजेक्टर कुठला घेऊ?’ हा आहे, तो आठ-दहा दिवस बाजूला ठेवा.

तुम्ही लिहिलंय की पाथर्डी फाट्याकडे रो-हाउस आहे, तळघर 18 बाय 11 फुटांचं, उंची 8 फूट, फरशी-प्लास्टर-रंग सगळं झालेलं, आणि बजेट दीड लाख. आमचं गंगापूर रोडच्या बाजूचं तळघर जवळपास याच मापाचं आहे. ते मी दोनदा केलं. पहिल्यांदा 2018 च्या दिवाळीत एका इंटिरिअरवाल्याकडून करून घेतलं. त्याने भिंतींना लाकडी चौकट मारून वर प्लायवूड ठोकलं, त्यावर टोकदार फोम चिकटवला आणि खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट टाकलं. दिसायला देखणं झालं होतं. मग 2019 चा ऑगस्ट आला. गोदावरीला पूर आला, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्याखाली गेली. आमचं घर नदीपासून लांब, आत थेंबभर पाणी शिरलं नाही. तरी महिनाभरात तळघरात कुबट वास यायला लागला. दसऱ्याला एक प्लायवूड उचकटलं तर मागे छातीइतक्या उंचीपर्यंत काळी-हिरवी बुरशी. सगळं काढून फेकावं लागलं, चाळीस हजार गेले. नदी घरात येत नाही म्हणून तळघर कोरडं राहतं, असं नसतं. पावसाळ्यात जमिनीतलंच पाणी वर चढतं आणि भिंत ते शोषून घेते.

म्हणून आधी एक अगदी स्वस्तातली परीक्षा करा. जाड, पारदर्शक प्लास्टिकचे दीड फूट बाय दीड फुटांचे चार तुकडे कापा. दोन फरशीवर लावा आणि दोन बाहेरून माती लागलेल्या भिंतीवर, खाली, स्कर्टिंगच्या वर. चारही कडा रुंद टेपने पक्क्या बंद करा आणि दोन दिवस हात लावू नका. मी केलं तेव्हा फरशीवरचे तुकडे कोरडे निघाले. भिंतीवरच्या एका तुकड्याच्या आतल्या बाजूला मात्र मोहरीएवढे थेंब जमले होते. बाबांनी कोपऱ्यातून टेप सोडवली तेव्हा ते थेंब एकमेकांत मिसळून खाली ओघळले. थेंब आतल्या बाजूला म्हणजे पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला ओल धरली असेल तर ती हवेतली आहे आणि तिचा उपाय वेगळा. आतून ओल असेल तर भिंतीला लोणाही दिसेल, पांढरी पूड, आणि रंगाचे पोपडे. ‘तयार’ तळघरात नवा रंग मारून हे हमखास झाकलेलं असतं.

भिंतीतून पाणी येत असेल तर आतून वॉटरप्रूफिंगचा डबा आणण्याआधी बाहेर जाऊन बघा. आमच्याकडे गच्चीवरून येणारा पावसाचा पाइप नेमका त्याच भिंतीच्या पायाशी सुटला होता, आणि बाजूच्या बागेचा उतार घराकडे होता. पाइप लांब नेऊन चेंबरला जोडला, भिंतीलगतची माती भरून उतार बाहेरच्या बाजूला केला. अर्धा त्रास तिथेच संपला. काळी माती असेल तर जास्तच काळजी घ्या. ती पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे भिंतीलगत पाणी साचतं आणि पायाजवळ फटी पडतात. त्यानंतर आतला सैल गिलावा खरवडून सिमेंटमध्ये मिसळणाऱ्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले. एक पूर्ण पावसाळा जाऊ दिला आणि मगच पुढचं सामान आणलं. तुम्हाला थांबवत नसेल तर निदान भिंतीला चिकटून लाकूड, प्लायवूड, फोम काहीही लावू नका. फरशीवर कार्पेट नको, उचलून उन्हात टाकता येईल अशी सतरंजी किंवा गालिचा घ्या.

आता हवा. दार लावून पाच-सहा माणसं अडीच तास बसली की डोकं जड होतं. तुमच्या खोलीत साधारण 1,580 घनफूट हवा आहे. मिनिटाला 150-200 घनफूट हवा खेचणारा, पाइपात बसणारा एक्झॉस्ट पंखा लावला तर आठ-दहा मिनिटांत सगळी हवा बदलते. तो खोलीत लावू नका, पाइप वर नेऊन बाहेरच्या टोकाला लावा, म्हणजे आवाज खाली येत नाही. आणि दाराखाली पाऊण इंच फट ठेवा. आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता फिरत राहतो. पावसाळ्यात मात्र बाहेरची दमट हवा थंड भिंतीला लागून पाणी सोडते, म्हणून तेव्हा पंखा फक्त माणसं बसलेली असताना चालवा. एरवी डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र, किंवा एसीचा ड्राय मोड वापरा. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, आकडा 60 टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. प्रोजेक्टरच्या भिंगाला बुरशी लागली तर दुरुस्ती परवडत नाही. एसी लावणार असाल तर त्याचं पाणी कुठे जाणार हे आधी ठरवा. तळघर बाहेरच्या गटारापेक्षा खाली असतं, तिथे पाणी आपोआप वर चढत नाही, छोटा पंप लागतो. आमचं तळघर एप्रिल-मेमध्येही गार असतं, आम्ही एसी लावलाच नाही.

वायरिंग थोडक्यात सांगतो. वेगळी लाइन, वेगळा एमसीबी (जादा भार आला की लाइन तोडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारी, शॉकपासून वाचवणारी), नीट अर्थिंग, आणि सॉकेट फरशीपासून दीड फूट वर. प्लास्टरला हात लावताय तेव्हाच प्रोजेक्टरपर्यंत दीड इंची रिकामा पीव्हीसी पाइप टाकून ठेवा. आज टाकलेली एचडीएमआय केबल पाच वर्षांनी बदलावी लागेल, तेव्हा भिंत फोडावी लागणार नाही. दहा मीटरच्या वर अंतर असेल तर फायबरची एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते, टाकण्याआधी जोडून तपासा. जिन्यात बॅटरीवर चालणारा दिवा हवा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: गॅसचा जादा सिलिंडर तळघरात किंवा जिन्याखाली ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली उतरून तळघरातच साचतो. जाता जाता मंजूर नकाशात तळघर कशासाठी दाखवलंय तेही बघून घ्या.

आता प्रोजेक्टर. तळघराचा अंधार फुकट मिळालाय, त्यामुळे टीव्हीपेक्षा प्रोजेक्टरच घ्या. 55 इंची टीव्हीपेक्षा 100 इंची चित्राचं क्षेत्रफळ सव्वातीन पटीहून जास्त असतं. 100 इंच म्हणजे 221 सेंटिमीटर रुंद आणि 125 उंच. तुमच्या 11 फुटी भिंतीवर ते बसवलं की दोन्ही बाजूंना पावणेदोन-दोन फूट उरतात, तिथे स्पीकर. त्याहून मोठ्याच्या मागे लागू नका. दुकानात ‘फोर-के सपोर्ट’ असं लिहिलेले बारा-पंधरा हजारांचे डबे दिसतील. विचारायचं ते ‘नेटिव्ह रिझोल्युशन’, म्हणजे प्रोजेक्टर स्वतः खरोखर किती ठिपके दाखवतो ते. ते निदान 1920 बाय 1080 नसेल तर पुढे चला. तसंच उजेडाचं माप म्हणून नुसते ‘ल्युमेन’ ऐकू नका, ‘एएनएसआय ल्युमेन’, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले, विचारा. थिएटरच्या मापाने काळोख्या खोलीत 100 इंची पडद्याला खरे 500 ल्युमेनही पुरतात, पण दिवा जुना होत जातो तसा उजेड निम्म्यावर येतो, म्हणून 1,500-2,000 चा घ्या. थ्रो रेशो म्हणजे चित्राच्या रुंदीच्या किती पट अंतरावर प्रोजेक्टर लागतो ते. तो 1.2 असेल तर 100 इंचांसाठी प्रोजेक्टर पडद्यापासून पावणेनऊ फुटांवर लागेल. खरेदीआधी हा गुणाकार करून छतावर खडूने खूण करा, पंखा किंवा बीम मध्ये येतो का ते तिथेच कळतं. मी वापरलेला प्रोजेक्टर घेतला, भरदुपारी मालकाच्या घरी तासभर चालवून, दिव्याचे तास मेनूमध्ये बघून.

पडदा विकत घेतला नाही. भिंतीला पुट्टीचे दोन हात, बारीक पॉलिश पेपर, मग अजिबात न चमकणारा पांढरा रंग, आणि चारही बाजूंना मेन रोडवरून आणलेल्या काळ्या मखमलीची तीन इंची पट्टी. त्या पट्टीने चित्र जितकं उठावदार झालं तितकं दुसऱ्या कशानेच झालं नाही. उरलेल्या भिंती आणि छतही गडद, मॅट रंगात करा. छत पांढरं ठेवलं तर पडद्याचा उजेड त्यावर आपटून परत येतो आणि काळं करडं दिसायला लागतं. रंगारी छताला गडद रंग द्यायला तयार होत नाहीत, ठाम राहा.

आवाजाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. आमच्या आईला कानाचा थोडा त्रास आहे. टीव्हीवर ती सारखी विचारायची, ‘काय म्हणाला तो?’ संवाद बहुतेक सगळे मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. म्हणून पाच स्पीकरमध्ये सगळ्यात चांगला तोच घ्या आणि तो पडद्याखाली, थोडा वर तोंड करून, बसलेल्या माणसाच्या कानाकडे रोखा. पुढचे दोन बसायच्या जागेपासून मध्यरेषेच्या 22 ते 30 अंशांत, मागचे दोन बाजूला जरा मागे, 110 ते 120 अंशांवर. सबवूफर म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर. त्याचा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे स्वर त्याच्याकडे जातात ती मर्यादा, 80 हर्ट्झपासून सुरू करा.

पण नुसत्या सिमेंटच्या खोलीत चांगला स्पीकरही घुमतो. टाळी वाजवून बघा, झण्ण असा शेपूट येतो. टोकदार पातळ फोम फक्त वरचे स्वर खातो, अंड्यांचे ट्रे तर काहीच करत नाहीत. दोन इंच जाडीचं, 48 घनतेचं (घनमीटरला 48 किलो) रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेल्या तंतूंची गादी, घ्या. मला ते सातपूरला औद्योगिक इन्सुलेशनच्या दुकानात मिळालं. सुताराकडून 4 बाय 2 फुटांच्या चौकटी करून घ्या, आत रॉकवूल, वर कापड. कापड तोंडाला लावून फुंकर मारायची, हवा आरपार गेली तर ते चालतं. हे भरताना मास्क आणि हातमोजे हवेतच. चौकट भिंतीपासून दोन इंच सुटी टांगा. शोषणही वाढतं आणि मागे हवा खेळून ओल धरत नाही. कुठे टांगायचं? तुम्ही जागेवर बसा, मुलाला बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. आरशात पुढचा स्पीकर दिसला की तिथे पेन्सिलची खूण. दोन्ही भिंतींवर अशा खुणा करून चार चौकटी, आणि दोन पाठीमागच्या भिंतीवर. आमच्या सहा चौकटी झाल्या त्या संध्याकाळी आईने दोन तासांत एकदाही ‘काय म्हणाला’ विचारलं नाही.

खर्जाचं गणित वेगळं आहे. 18 फूट लांबीच्या खोलीत 31 हर्ट्झच्या आसपासची लाट उभी राहते. बरोबर मध्यावर, 9 फुटांवर, ती जवळजवळ ऐकूच येत नाही आणि मागच्या भिंतीशी फुगते. तिच्या दुपटीची, 62 हर्ट्झची लाट साडेतेरा फुटांवर बुडते. म्हणून पडद्यापासून अकरा फुटांवर बसा. 100 इंचांना ते अंतर डोळ्यांनाही सोयीचं आहे. सबवूफरची जागा शोधायला आम्ही तो चक्क बसायच्या जागेवर ठेवला, तबल्याचा एक सोलो लावला आणि मी नि भाऊ गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरलो. एका कोपऱ्यात डग्ग्याचा प्रत्येक घुमार एकमेकांवर चढून गोळा होत होता. दोन हात पुढे सरकलो तर डग्गा गायब, फक्त चाट. जिन्याच्या बाजूला, पुढच्या भिंतीपासून चार फुटांवर, मींड सुटी सुटी कळायला लागली. सबवूफर तिथेच ठेवला. यात एक रुपया लागत नाही.

माझा दुसऱ्या वेळचा खर्च असा: ओल काढायला 19 हजार, वायरिंग आणि पंखा 14, वापरलेला प्रोजेक्टर 34, वापरलेला रिसीव्हर (स्पीकर चालवणारा अॅम्प्लिफायर) आणि पाच स्पीकर 36, सबवूफर 12, चौकटी-कापड-रंग मिळून 15, आणि बसायला 8. एकूण 1 लाख 38 हजार. बसायला रिक्लायनर घेतले नाहीत, घरातल्या जुन्या दिवाणाला नवी गादी आणि लोड केले. तुम्ही सोफा घेणार असाल तर आधी जिन्याच्या वळणाचं माप घ्या. दीड लाखात ताण पडला तर मागचे दोन स्पीकर पुढच्या वर्षी घ्या, पण चौकटी आणि पंखा कमी करू नका.

प्लास्टिकचे तुकडे आजच चिकटवा. परवा थेंब कुठल्या बाजूला दिसले ते कळवा, सोबत जिन्याची आणि खिडकीची जागा लिहा, मग प्रोजेक्टरचं बोलू.