पाऊस आला की टीव्ही जातो, मग भातकापणी कशावरून ठरवायची?

शेतकरी बंधू-भगिनींनो, हळवा (लवकर तयार होणारा) भात पिवळा पडू लागला की उपग्रह, हवामान अंदाज आणि कापणी यांबद्दल बरेच प्रश्न येतात. त्यांपैकी काहींची उत्तरे देतो.

शहापूरचे एक दादा विचारतात, "घरावर डीडी फ्री डिश आहे. आभाळ भरून आलं की नेमका तेव्हाच टीव्ही जातो. उपग्रह बिघडलाय का?"

उपग्रह व्यवस्थित आहे. फ्री डिशचे कार्यक्रम येतात ते जीसॅट-१५ या आपल्या दळणवळण उपग्रहावरून. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला. विषुववृत्तावर साधारण ३६,००० किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून आपल्याला तो एकाच जागी असतो आणि डिश एकदा लावली की हलवावी लागत नाही. त्याच्याकडून येणाऱ्या केयू बँड नावाच्या पट्ट्यातील रेडिओ लहरी जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर लांबीच्या असतात. जोरदार सरीचे थेंब त्या शोषून घेतात, विखुरतात. सर ओसरली की चित्र परत येते.

मात्र रिमझिम पावसातही चित्र जात असेल, तर दोष घरच्या जोडणीत शोधा. ठाणे जिल्ह्यातून हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिज आणि डोक्यावरचे आकाश यांच्या मध्यापेक्षा थोडा वर येतो. त्या दिशेला पावसाळ्यात बांबू किंवा शेवगा वाढला आहे का, ते पाहा. केबलच्या जोडात पाणी शिरले असेल तर तो भाग बदला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास ऊन असतानाही काही मिनिटे चित्र जाते. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा डिशला हात लावू नका.

मुरबाडच्या ताईंचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. "अंदाजात हलका पाऊस होता, आमच्याकडे कडपे (कापून पसरलेला भात) भिजले. उपग्रहाला आमचं शेत दिसत नाही का?"

ताई, ढगांवर नजर ठेवणारे उपग्रह वेगळे आहेत. १९८३ च्या इन्सॅट-१बी वर दूरदर्शन, दूरध्वनी आणि हवामानाचा कॅमेरा अशी तिन्ही कामे होती. आता हवामानाचे काम इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस करतात. रात्रीही ढग टिपणाऱ्या त्यांच्या अवरक्त (उष्णता टिपणाऱ्या) चित्रात एक ठिपका साधारण चार किलोमीटर लांब-रुंद असतो, म्हणजे सुमारे १,६०० हेक्टर. तुमची दोन खाचरे त्यात वेगळी दिसणार नाहीत. शिवाय उपग्रह मोजतो ते ढगाच्या माथ्याचे तापमान. माथा जितका थंड तितका ढग उंच, एवढे त्यावरून कळते. पण त्या ढगाखाली माळशेजच्या पायथ्याला किती पाऊस पडेल आणि कल्याणकडे किती, हे एकट्या उपग्रहावरून सांगता येत नाही. त्यासाठी रडार आणि पर्जन्यमापकांच्या नोंदीही लागतात.

म्हणून माझा आग्रह आहे की टीव्हीवरच्या एका बातमीवर कापणी ठरवू नका. मेघदूत ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला येतो. ज्या दिवशी विळा लावायचा त्या दिवशी सकाळी ताजा अंदाज पुन्हा पाहा. गडगडाट ऐकू आला की खाचर सोडून पक्क्या घरात जा, झाडाखाली थांबू नका. 'दामिनी' ॲप विजेचा इशारा देते. ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे आहे आणि जमिनीवरच्या संवेदकांवर चालते, त्यामुळे डिश बंद असली तरी चालेल. मोबाईलचे टॉवरच बंद पडले तर बॅटरीवरचा रेडिओ उपयोगी पडतो. तो घरात असायलाच हवा, असे माझे मत आहे.

वाशी बाजार समितीत भेंडी पाठवणारे एक दादा विचारतात की गाडी कुठे आहे हे मोबाईलवर कळते, तेही याच उपग्रहावरून का? नाही. ती जागा जीपीएससारख्या दिशादर्शन उपग्रहांवरून ठरते आणि तुमच्या फोनवर टॉवरमार्फत पोहोचते. जीसॅट-१५ वर दिशादर्शन अधिक अचूक करणारी 'गगन' यंत्रणाही आहे, पण तिचा मुख्य उपयोग विमानांसाठी.

आता भाताकडे. लोंबीतील साधारण नव्वद टक्के दाणे पिवळे झाले की कापणी करा. आठ-दहा दिवस आधी खाचरातले पाणी काढून टाका. दोन दिवसांत पावसाची शक्यता असेल, तर त्याच दिवशी झोडून घरात नेता येईल एवढेच कापा. न लोळलेला उभा भात दोन दिवस पाऊस सोसतो, पण पाण्यात पडलेल्या कडप्यांतील दाण्यांना लोंबीतच कोंब फुटतात. भिजलेच तर कडपे लगेच बांधावर उचला आणि उलटसुलट करून वाळवा. ओल्या भाऱ्यांची उडवी (गंजी) रचू नका. ती आतून तापते, दाणा काळा पडतो आणि पेंढ्यालाही बुरशी लागते. ऊन नसेल तर पडवीत पातळ पसरून घरचा पंखा लावला तरी चालेल.