दुकानाच्या संगणकाविषयी दोन शब्द
रावेरला सेवा केंद्र थाटून लोकांची आधारपत्रे संगणकात साठवू लागला आहात, म्हणून कळकळीने सांगतो: अँटिव्हायरस, म्हणजे घातक प्रोग्रॅम अडवणारे सॉफ्टवेअर, टाकल्याने सरकारी तपासात अडथळा येईल, अशी भीती बाळगू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने १० सरकारी यंत्रणांना कोणत्याही संगणकातील माहिती तपासण्याचा अधिकार मिळालेला आहे, पण अँटिव्हायरस अशा आदेशाच्या आड येत नाही. तो चोरांना अडवण्यासाठी आहे. पेनड्राइव्हवरून घेतलेल्या क्रॅक केलेल्या (परवाना मोडून फुकट वापरलेल्या) सॉफ्टवेअरने माझ्या केळीच्या हिशेबाच्या सगळ्या फाइल एका रात्रीत कुलूपबंद केल्या होत्या. डिस्क कूटबद्ध करा, म्हणजे किल्लीशिवाय तिच्यातली माहिती कुणाला वाचता येणार नाही; तिची रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यास डिस्क उघडणारा लांब आकडा) वहीत लिहून घरच्या कपाटात ठेवा, आणि ग्राहकाचे काम झाले की त्याच्या आधारची स्कॅन प्रत त्याच्यादेखतच पुसून टाका.