‘ड्राय’ वाइनमध्ये अल्कोहोल कमी असते, म्हणून ती रोज थोडी घेतल्यास अपाय होत नाही, हे खरे आहे का?

नाही, ‘ड्राय’ हा शब्द अल्कोहोलविषयी नसून वाइनमध्ये उरलेल्या साखरेविषयी आहे, आणि द्राक्षांतली साखर यीस्टने जवळजवळ सगळी आंबवून टाकलेली असल्यामुळे अशा वाइनमध्ये अल्कोहोल बहुधा पुरेपूरच असते. (टॅनिन या द्राक्षांच्या सालीतल्या तुरट द्रव्यामुळे जीभ कोरडी पडते, तो प्रकार निराळा.) बाटलीवर १२ टक्के लिहिले असेल, तर १५० मिलिलिटरच्या एका पेल्यातून सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते, मग चव गोड असो वा नसो. मद्यपेये १९८८ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्यांच्यामुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे अशांत, आहेत आणि पूर्णतः निर्धोक असे प्रमाण नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. मात्र प्रमाण जितके कमी तितका धोकाही कमी, आणि साखर मोजून खाणाऱ्याला ड्राय वाइनचा तेवढ्यापुरता फायदा जरूर होतो.