वॉशिंग्टन यांच्या छावणीतील स्त्रिया

प्रश्न : आमच्या वाचनगटात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाविषयी चर्चा चालू असताना जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सैन्याबरोबर पुष्कळ स्त्रिया असत, असा उल्लेख आला. स्वयंपाक आणि धुणे करणाऱ्या या स्त्रियांना सैन्याने केवळ सहन केले, की त्यांच्या कामाला युद्धातील सेवा म्हणता येईल?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : त्या कामाला सेवाच म्हटले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. खुद्द वॉशिंग्टन यांना मात्र हे मान्य करायला वेळ लागला. ऑगस्ट 1777 मध्ये, मुलांना घेऊन किंवा गरोदरपणी सैन्यामागे येणाऱ्या स्त्रियांमुळे प्रत्येक हालचालीत अडथळा येतो, अशी तक्रार त्यांनी आपल्या आदेशात नोंदवली होती. परंतु जानेवारी 1783 मध्ये देशाचा अर्थव्यवहार सांभाळणारे रॉबर्ट मॉरिस यांना लिहिताना, काही पलटणींतील ठरल्यापेक्षा जादा स्त्रियांना शिधा दिला नसता तर सर्वांत जुने आणि उत्तम सैनिक सोडून गेले असते, हे त्यांनीच मान्य केले. यातील बहुतेक स्त्रिया सैनिकांच्या पत्नी होत्या, आणि युद्धाने घरचा आधार तुटल्यावर नवऱ्यामागे जाण्यावाचून अनेकींना दुसरा मार्ग नव्हता. छावणीत गोळ्यांपेक्षा रोगराईनेच अधिक माणसे मरत असल्यामुळे धुणे आणि शुश्रूषा ही दुय्यम कामे नव्हती. दहा रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे काँग्रेसने, म्हणजे बंड करणाऱ्या अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधिसभेने, 1775 मध्येच ठरवले होते.

बंदूक हाती घेणाऱ्या स्त्रियांची नावे अधिक सांगितली जातात. डेबोरा सॅम्प्सन यांनी 1782 मध्ये पुरुषाच्या नावाने आणि वेषात भरती होऊन दीड वर्षाच्या आसपास नोकरी केली. 16 नोव्हेंबर 1776 रोजी फोर्ट वॉशिंग्टनच्या लढाईत पती मारला गेल्यावर मार्गारेट कॉर्बिन यांनी त्याची तोफ चालवली आणि त्यात त्या कायमच्या जायबंदी झाल्या. 1779 मध्ये काँग्रेसने त्यांना आजन्म निवृत्तिवेतन मंजूर केले, तेही सैनिकाच्या निम्म्या पगाराचे.

आम्हाला मात्र सारा ऑस्बर्न यांची साक्ष अधिक मोलाची वाटते, कारण तुमच्या प्रश्नातील कामेच त्यांनी केली होती. ऑक्टोबर 1781 मध्ये वॉशिंग्टन यांच्या सैन्याने यॉर्कटाउन येथे इंग्रजांना घातलेल्या वेढ्यात, तोफांचा मारा चालू असताना, त्या खंदकांतील सैनिकांना मांस, भाकरी आणि कॉफी नेऊन देत. तोफगोळ्यांची भीती वाटत नाही का, असे वॉशिंग्टन यांनी विचारले तेव्हा, माणसांनी लढायचे आणि वर उपाशीही राहायचे हे चालणार नाही, अशा अर्थाचे उत्तर आपण दिले, असे त्यांनी सांगितले आहे. ही हकीकत आज उपलब्ध आहे ती 1837 मध्ये, ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, त्यांनी निवृत्तिवेतनाच्या अर्जासाठी दिलेल्या जबानीमुळे. तो अर्ज ज्या कायद्याखाली होता, त्यात विधवेला हक्क मिळे तो पतीच्या नोकरीबद्दल. तिने स्वतः केलेल्या कामासाठी त्यात तरतूदच नव्हती.